हातचा कुठे ठेवायचा?

डोळखांबच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक रेशन कार्डाच्या दोन प्रती काढतं, तेवढ्याचे पैसेसुद्धा मी कॅल्क्युलेटरवर मारून बघते. त्या कॅल्क्युलेटरवरचा पाच पुसून गेलाय, दोन दाबला की कधी एकदा उमटतो, कधी दोनदा. तरी माझा भरवसा माझ्यापेक्षा त्याच्यावरच जास्त. अशा बाईने चारशे वर्षांपूर्वीचं गुणाकाराचं साधन पुठ्ठ्यात करायला घ्यावं, हे घरात कुणालाच पटलं नव्हतं. निमित्त झालं पुतणीचं. मोठ्या दिरांची मुलगी, आठवीत आहे. गणपतीच्या सुट्टीत शाळेच्या वाचनालयातलं एक जुनं पुस्तक घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "काकू, प्रदर्शनाला हे करू या. ज्वालामुखी सगळेच करतात." चित्रात एक डबी होती, डबीत आकड्यांनी भरलेल्या दहा चौकोनी कांड्या. खाली लिहिलेलं : जॉन नेपियर, स्कॉटलंड, १६१७. पुढे जे हाती लागलं ते आठवेल तसं मांडते आहे.

१.

यंत्र म्हटलं की काहीतरी फिरायला पाहिजे, निदान खटका तरी वाजायला पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. या कांड्यांत काहीच हलत नाही. कांडीच्या डोक्यावर एक आकडा, त्याखाली नऊ चौकोन, आणि त्या चौकोनांत त्या आकड्याचा पाढा. बस्स. सगळी करामत आहे ती चौकोनातल्या तिरक्या रेघेत. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढायची. दशक रेघेच्या वर, एकक रेघेच्या खाली. ७३८ ला ६ ने गुणायचं असेल तर सात, तीन आणि आठच्या कांड्या एकमेकींना चिकटून लावायच्या आणि सहाव्या ओळीत बघायचं. तिथे दिसतात ४ आणि २, १ आणि ८, ४ आणि ८. आता उजवीकडून निघायचं आणि दोन रेघांच्या मधे जे आकडे सापडतील ते मिळवत जायचं. शेवटचा ८ एकटाच. त्याच्या डावीकडे ८ आणि ४, म्हणजे बारा, दोन लिहिले, हातचा एक. पुढे २ आणि १, तीन, हातच्यासकट चार. सगळ्यात डावीकडे एकटा ४. चार हजार चारशे अठ्ठावीस. गुणाकार केलाच नाही, नुसत्या बेरजा केल्या, आणि त्याही पहिलीतल्या. याच नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथमची कोष्टकं छापली, म्हणजे तिथेही गुणाकाराची बेरीजच करून टाकली. कांड्यांचं पुस्तक तीन वर्षांनी आलं आणि त्याच वर्षी तो वारला. आयुष्यभर एकच काम टाळायला इतकी मेहनत घेणारा माणूस मला एकदम घरचा वाटला.

२.

पाढे मला येत नाहीत, फक्त म्हणता येतात. हे कळायला कांड्या कराव्या लागल्या. पुतणीने पेन्सिलीने चौकोन आखून दिले आणि मला सांगितलं, "काकू, तुम्ही सातची भरा." सात एके सात, सात दुणे चौदा, गाडी झकास निघाली. पण तिला सगळ्या कांड्यांवरची आठवी ओळ आधी भरून हवी होती, ओळींना एकेक रंग द्यायचा होता म्हणून. साती आठे? मी पुन्हा सात एकेपासून सुरू केलं. साही आठे? पुन्हा सहा एकेपासून. माझे पाढे म्हणजे चाल होती, मधूनच उचलायला गेलं की शब्द सापडेना. ही अवस्था माझी एकटीची नाही हे मी दुकानात येणाऱ्यांवर तपासून पाहिलं. चांगले शिकलेले लोक, पण आठी साते विचारलं की आधी ओठ हलतात, मग उत्तर येतं. कांडीला हा त्रास नाही. तिच्यावर सातचा आठवा सातच्या तिसऱ्याइतकाच जवळ असतो. मला वाटलं होतं की पाढे न येणाऱ्यांसाठी हे साधन आहे. ते खरं तर पाढे येणाऱ्यांसाठीच असावं, ज्यांना ते दर वेळी पहिल्यापासून म्हणायचा कंटाळा आहे.

३.

पुठ्ठ्याला दिशा असते. इतकी वर्षं पुठ्ठा विकून मला हे माहीत नव्हतं. नेपियरच्या कांड्या चार बाजूंच्या, लांबट खडूसारख्या. त्या लाकडाच्या असत, हाडाच्या आणि हस्तिदंताच्याही असत. आमच्याकडे होता दुकानातला माल. पहिला मान खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचा, कारण तो फुकट. पण दीड सेंटिमीटरच्या घडीला तो ऐकत नाही, त्याच्या पन्हाळी दबतात आणि कांडी चपटी होऊन बसते. मग लग्नपत्रिका. आमच्याकडे लग्नसराईनंतर पत्रिकांचा गठ्ठा असतोच. कागद उत्तम, पण गुळगुळीत. शाई पसरते, खळ धरत नाही, आणि तिनाच्या पाढ्याच्या पाठीमागून वधूवरांची नावं डोकावतात. शेवटी कार्डशीट घेतला, तीनशे जीएसएमचा.

आता माप. एक चौकोन दीड सेंटिमीटरचा. डोक्यावरचा आकडा आणि खालचे नऊ मिळून दहा चौकोन, म्हणजे उंची पंधरा. चार बाजूंची रुंदी सहा आणि चिकटवायला आठ मिलिमीटरची पाळ. घडीच्या जागी कटर लावायचा नाही, पुठ्ठा तुटतो. रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून जोरात रेघ ओढायची, मग तिथे घडी आपण होऊन बसते. बसते, पण एकाच बाजूने. कार्डशीट उभा धरून मुडपला तर घडी सुरीसारखी स्वच्छ येते, आडवा धरून मुडपला तर कडेला तंतू सुटतात आणि पांढरी फाट दिसते. कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेने लोळतात, म्हणून हे. कापण्याआधी तुकडा दोन्हीकडून हलक्या हाताने वाकवून बघायचा. जिकडून मुकाट वाकतो, त्या दिशेने कांडीची उंची धरायची. तळहातावर तोलून वजन सांगणारे लोक असतात तशी आता मी कागद वाकवून दिशा सांगते. आमचे हे म्हणतात, या कौशल्याला बाजारात भाव काय? नाही. पण मला फार आनंद होतो.

आणि पाऊस. आमच्याकडचा पाऊस सांगायला नको. समोर आजोबाचा डोंगर आहे की नाही हे कित्येक दिवस आठवणीवर ठेवावं लागतं. या हवेत कागद सर्दावतो, झेरॉक्सच्या मशिनमधे दोन-दोन ओढला जातो आणि अडकतो. म्हणून रिमांच्या कपाटात मी बल्ब पेटता ठेवते. वाळलेल्या कांड्याही त्याच कपाटात गेल्या. बाहेर राहिलेल्या धनुष्यासारख्या वाकल्या, आणि वाकलेली कांडी शेजारणीला चिकटत नाही. मधे फट पडली की तिरकी रेघ तुटते, रेघ तुटली की डोळा खालच्या ओळीत घसरतो. स्कॉटलंडातही पाऊस पडतो म्हणे. हस्तिदंत वापरायचं कारण श्रीमंती नसेल नुसती.

४.

झेरॉक्स मशिन घरचं असताना चाळीस बाजू हाताने भरणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं मी पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं होतं. दहा कांड्या, प्रत्येकीच्या चार बाजू, दर बाजूला नऊ गुणाकार. तीनशे साठ. एक कागद भरायचा आणि बटण दाबायचं! पण टोनरची शाई कागदात मुरत नाही, वर बसते. घडीवर ती तडकते आणि बोटाला लागून निघते, नेमके कडेचे आकडे जातात. तेव्हा हातानेच लिहावं लागलं. लिहिता लिहिता लक्षात आलं की गुणाकार काही वाचलेला नाही, तो आमच्या गळ्यात पडलाय. उद्या जो कोणी या कांड्या वापरेल त्याचे सगळे गुणाकार आम्ही आजच करून ठेवत होतो. माझा कॅल्क्युलेटर मी इतकी वर्षं बडवते आहे. त्याच्या पोटात कुणीतरी आधी बसून हे केलेलं असणार, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

५.

समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नऊ येते. हे पुतणीने शोधलं. पुस्तकात कांडी क्रमांक एकच्या बाजू दिल्या होत्या : ० च्या समोर ९, १ च्या समोर ८. तिने बाकीच्या बघितल्या, सगळीकडे तेच. ल्युडोच्या फाशावर समोरच्या बाजू मिळून सात होतात, तसं इथे नऊ. मला ती नुसती शोभा वाटली. दोन दिवसांनी ती सांगायला आली, "काकू, खालच्या ओळीसुद्धा बघा ना." ३ आणि ६ समोरासमोर असतील तर चौथ्या ओळीत १२ आणि २४, मिळून छत्तीस. ७ आणि २ असतील तर चौथ्या ओळीत २८ आणि ८, तरी छत्तीसच. कुठलीही कांडी घ्या, चौथी ओळ छत्तीस, पाचवी पंचेचाळीस, सहावी चोपन्न. उघडच आहे म्हणा, समोरच्या आकड्यांची बेरीज नऊ तर त्यांच्या चौपटींची बेरीज नवाची चौपट. पण उघड गोष्ट समोर येईपर्यंत झाकलेलीच असते. कांडी भरून झाली की पलटून नऊचा पाढा जुळतो का बघायचं. नाही जुळला तर कुठल्या ओळीत गडबड आहे ते तिथल्या तिथे कळतं. तपासणीस आतच बसवलेला. पंचायत समितीच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना मला या सोयीची फार आठवण येते.

६.

आपण हे स्कॉटलंडातून उचलतोय असं धरून चालले होते. पण तिरक्या रेघांची ही जाळी नेपियरची नाहीच. इटलीतल्या त्रेविझो गावी १४७८ साली छापलेल्या हिशेबाच्या पुस्तकात ती आहे. आणि आपल्याकडे नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका लिहिली १५४५ मधे, तिच्यातही चौकोन आखून, तिरक्या रेघा मारून केलेला गुणाकार आहे. नेपियर जन्मला १५५० साली. हे नांदगाव म्हणजे मुरूडच्या अलीकडचं, समुद्रकाठचं. काशीदच्या किनाऱ्यावरून मुरूडला जाणाऱ्या गाड्या त्या गावावरून पुढे जातात. आमच्या बचत गटाची सहलही गेली होती, नारळपाणी पिऊन परत आली. गणेश दैवज्ञांचं नाव पंचांगवाल्यांना माहीत असतं ते 'ग्रहलाघवा'मुळे. शके १४४२, म्हणजे १५२० चा तो ग्रंथ, आणि लिहिणाऱ्याचं वय तेव्हा तेरा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलंय. 'ग्रहलाघवा'चं वैशिष्ट्य असं की ग्रहांचं गणित करायला ज्या त्रिकोणमितीच्या कोष्टकांशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं, ती त्यांनी बाजूलाच ठेवली आणि साध्या गुणाकार-भागाकारांवर काम भागवलं. तेरा वर्षांचा मुलगा! पुतणी ऐकून गप्प झाली. ती तेव्हा साडेतेरा होती.

नेपियरचं श्रेय मग किती? त्याने जाळी कापली. इतके दिवस दर गुणाकाराला नवी जाळी आखावी लागत होती, आकडे भरावे लागत होते. याने तिच्या उभ्या पट्ट्या केल्या, त्या कायमच्या भरून ठेवल्या आणि हव्या तशा शेजारी मांडा म्हणाला. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर नांदगावकरांनी अर्ज हाताने लिहिला आणि नेपियरने छापील फॉर्म काढला. छापील फॉर्मला मी तरी कमी लेखणार नाही.

७.

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही कांड्या दाखवल्या त्या त्यांनी थक्क व्हावं म्हणून. आबा तिसरीपर्यंत शिकलेत. तरुणपणी भाताच्या व्यापाऱ्याकडे मापारी होते. मोजायला बसले की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. अजून घरात तांदूळ मोजताना तसंच. त्यांच्या शाळेच्या काळात रुपयाचे सोळा आणे होते, नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. दिवेलागणीला परवचा व्हायचा, त्यात नुसते पाढे नव्हते : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आम्ही साडेतीन पटी करायला मशिन काढतो, त्यांनी ती पाठ केलेली.

पुतणीने विचारलं, "आबा, अठरा गुणिले साडेतीन किती?" आणि कांड्या काढायला डबीकडे हात नेला. हात डबीपर्यंत पोचायच्या आत आबा म्हणाले, "अठरा औटे त्रेसष्ट." बरं, कांड्यांत साडेतीनची कांडीच नाही. पस्तिसाने गुणायचं आणि शेवटी टिंब सरकवायचं, हा द्राविडी प्राणायाम तिने त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला. मोठा माणूस.

मग तिला ईर्षा चढली. "७३८ गुणिले ६४ सांगा." इथे औटकीचं काम नाही. आबांनी डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. इकडे आम्ही सहावी ओळ वाचली, ४४२८, तिला शून्य लावलं; चौथी ओळ वाचली, २९५२; कागदावर एकाखाली एक मांडून बेरीज केली. सत्तेचाळीस हजार दोनशे बत्तीस. आम्ही पहिल्या आलो. थोड्या वेळाने आबांनीही तोच आकडा सांगितला. मी उगाच खूश झाले. पण ते कसं केलं असं विचारल्यावर म्हणाले, सातशे चौसष्टं म्हणजे चव्वेचाळीस हजार आठशे, ते बाजूला ठेवले. अडतीसच्या भानगडीत कोण पडतं, चाळीस धरले, अडीच हजार साठ, त्यातून दोन चौसष्टं काढून घेतली, एकशे अठ्ठावीस. उरले चोवीसशे बत्तीस. आणि बाजूला ठेवलेले आणून मिळवले. "बाजूला म्हणजे कुठे ठेवलेत आबा?" पुतणीने विचारलं. त्यांनी करंगळीचं मधलं पेर दाखवलं.

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं, की आमच्या कांड्यांनी पाढ्यांचा भार घेतला होता, पण आबांना पाढ्यांचा भार कधी नव्हताच. त्यांना सांभाळावं लागत होतं ते मधलं, अर्धवट झालेलं काम. आणि ते सांभाळायला आमच्या सुंदर रंगीत कांड्यांत एक चौकोनसुद्धा नव्हता. आम्हाला कागद-पेन्सिल घ्यावीच लागली.

८.

प्रदर्शनात परीक्षकांचा पहिला प्रश्न होता, "यात लाइट कुठे लागते?" लागत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. शेजारच्या टेबलावर पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजत होती, तिथे ते बराच वेळ रमले. मी त्यांना दोष देत नाही, मलाही शिट्टी आवडली. खरे परीक्षक दुपारी आले, बाकीच्या शाळांची मुलं. त्यांना कुणालाही ७३८ मधे रस नव्हता. प्रत्येकाला आपल्या घरचा मोबाईल नंबर गुणायचा होता. नंबर दहा आकडी, कांड्या दहा, मग झालं की! पण झालं नाही. पहिल्याच मुलाच्या नंबरात नऊ पाच वेळा आला. आमच्या संचात प्रत्येक आकडा चारच कांड्यांवर आहे. दुसऱ्याच्या नंबरात कुठलाच आकडा इतक्यांदा नव्हता, तरी तो मांडता येईना, कारण हवा तो सात ज्या कांडीवर होता ती कांडी आधीच दोनची बाजू वर करून बसलेली. मुलं कांड्यांची अदलाबदल करत अर्धा तास झुंजली. शिक्षक हाका मारत होते. नेपियरने दहा कांड्यांची मर्यादा सांगून ठेवली आहे, ११,१११ च्या आतली कुठलीही संख्या मांडता येते. का, ते त्या गर्दीत उभं राहून मला कळलं : पाचवा एक आणायचा कुठून? पुस्तकातलं वाक्य वाचून मी मान डोलावली होती, बाकी काही नाही.

बक्षीस शिट्टीला गेलं. पुतणी बसमधे सबंध वेळ नंबरांचाच विचार करत होती, तेव्हा बक्षिसाचं दुःख मलाच एकटीला करावं लागलं.

९.

हातचा ही किरकोळ गोष्ट आहे असं मी समजत होते. शाळेत तो आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहायचा आणि बाई बघायच्या आत खोडायचा. पण माणसांनी त्याच्यापायी काय काय केलंय! नेपियरनंतर सहाच वर्षांनी, १६२३ मधे, ट्यूबिंगेनच्या विल्हेल्म शिकार्डने केप्लरला पत्र लिहून एका यंत्राचं वर्णन कळवलं. वर नेपियरचेच पाढे, कांड्यांऐवजी उभ्या नळकांड्यांवर. खाली बेरजेची चाकं, एक चाक पुरतं फिरलं की शेजारचं एक घर पुढे सरकायचं. म्हणजे हातचा चाकावर घातला. केप्लरसाठी करायला घेतलेलं यंत्र अर्धवट असतानाच आगीत जळालं. पास्कलने १६४२ मधे चाकांचंच दुसरं यंत्र करायला घेतलं, वडिलांच्या करवसुलीच्या बेरजा हलक्या व्हाव्यात म्हणून. त्याचं वय एकोणीस. घरच्या माणसाचा हिशेब सोपा करायला पोरांनी डोकं लावायचं ही रीत जुनीच दिसते.

आम्हाला चाकं करायची नव्हती, पुठ्ठ्याचे दात पावसात टिकत नाहीत. मग पुतणीला हेन्री जेनाय सापडला. हा फ्रेंच रेल्वेतला इंजिनिअर. हनोईच्या मनोऱ्याचा खेळ काढणाऱ्या एदुआर लुकासने १८८५ साली एक कोडं मांडलं आणि त्यावरून जेनायने अशा पट्ट्या केल्या की हातचा मिळवावाच लागत नाही. १८९१ साली त्या प्रसिद्ध झाल्या. नेपियरला जाऊन तोवर पावणेतीनशे वर्षं होत आली होती.

युक्ती ऐकून आधी माझा विश्वास बसला नाही. सहाने गुणताना उजवीकडून हातचा येऊन येऊन किती येईल? शून्य ते पाच. त्याच्यावर जातच नाही. मग आठच्या पट्टीवर सहाच्या खणात सहा ओळी करायच्या आणि सहाही शक्यतांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची. हातचा शून्य असेल तर ४८ मधला ८. एक असेल तर ४९ मधला ९. दोन असेल तर ५० मधलं शून्य. आणि दशकाचा आकडा लिहायचाच नाही. त्याऐवजी डावीकडे टोक केलेला काळा त्रिकोण काढायचा, जो शेजारच्या पट्टीवरच्या बरोबर त्या ओळीकडे बोट दाखवतो. ७३८ गुणिले ६ : आठच्या पट्टीवर वरून पहिली ओळ, ८. त्रिकोण नेतो तिनाच्या पट्टीवर, हातचा चारच्या ओळीला, तिथे २. तिथला त्रिकोण नेतो सातवर, हातचा दोनच्या ओळीला, तिथे ४. तो नेतो कडेच्या पट्टीवरच्या ४ वर. चार हजार चारशे अठ्ठावीस, आणि डोक्यात एक आकडासुद्धा धरलेला नाही. बोट ठेवायचं आणि वाट जाईल तसं जायचं.

आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवून बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाले, "हे बरंय. पण मग माणसाने करायचं काय?" पुतणी म्हणाली, "आबा, हे बनवायचं."

बनवणं सोपं नाही. नेपियरच्या पट्टीवर नऊ ओळी होत्या. इथे एकाच्या खणात एक, दोनाच्या खणात दोन, असं करत नवाच्या खणात नऊ, म्हणजे एका पट्टीवर पंचेचाळीस. ए-फोरच्या उंचीत त्या बसवल्या तर ओळ साडेसहा मिलिमीटरची होते आणि त्रिकोणाचं टोक कुणाकडे बघतंय तेच समजत नाही. म्हणून प्रतिज्ञापत्रांसाठी आणलेली लीगल साइझची रिम तिने फोडली आहे. परवा एक जण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लीगल मागायला आला, त्याला मी शहापूरला पाठवलं.